नोंदीची ओळख आणि ओळखीतील अर्थ : नवी मुंबईतील क्रमांकव्यवस्थांच्या आधारे एक चिकित्सा

सारांश

डेटाबेसवर आधारित कोणतीही संगणकप्रणाली उभारताना प्रत्येक नोंदीला ओळखक्रमांक कोणता द्यावा, हा निर्णय प्रारंभीच घ्यावा लागतो. हा निर्णय बहुधा तांत्रिक तपशील समजून प्रोग्रामरवर सोपविला जातो. प्रस्तुत लेखात नवी मुंबई परिसरातील सर्व्हे क्रमांक, भूखंड क्रमांक, पिनकोड, वाहन क्रमांक इत्यादी व्यवस्थांच्या आधारे या निर्णयाची चिकित्सा केली आहे. ओळखक्रमांकात स्थळ, काळ, नाव किंवा अधिकारक्षेत्र यांविषयीचा अर्थ गुंफला की त्या अर्थात होणारा प्रत्येक बदल नोंदीच्या ओळखीवर आघात करतो आणि त्याची किंमत नोंदीतील व्यक्तीला मोजावी लागते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. केवळ अर्थहीन क्रमांक दिल्याने प्रश्न सुटत नाही, हेही येथे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : ओळखक्रमांक, प्रायमरी की, सरोगेट की, सर्व्हे क्रमांक, भूखंड क्रमांक, फेरफार, आधार.

१. प्रस्तावना

१९७० हे वर्ष दोन परस्परांशी संबंध नसलेल्या घटनांमुळे या विषयाच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटते. १७ मार्च १९७० रोजी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याच्या कार्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांचा रिलेशनल डेटाबेसचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध झाला. माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडावी, तक्त्यातील प्रत्येक ओळ एका विशिष्ट रकान्याच्या किंवा रकान्यांच्या समूहाच्या आधारे निःसंदिग्धपणे ओळखता यावी आणि एका तक्त्यातील ओळीचा दुसऱ्या तक्त्यातील ओळीशी असणारा संबंध याच ओळखीच्या आधारे जोडावा, हे त्या निबंधातील सूत्र आज बँका, विद्यापीठे, रुग्णालये आणि शासकीय कार्यालये या सर्वांच्या संगणकप्रणालींना आधारभूत झाले आहे.

सिडकोपुढील प्रश्नही मुळात याच स्वरूपाचा होता. ठाणे आणि तत्कालीन कुलाबा या दोन जिल्ह्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी निश्चित झाली. या जमिनीचा प्रत्येक तुकडा महसुली दप्तरात सर्व्हे क्रमांक आणि हिस्सा क्रमांक यांनी ओळखला जात होता. नव्या शहरात तोच भूभाग नोड, सेक्टर आणि भूखंड क्रमांक यांनी ओळखला जाऊ लागला. एका ओळखीकडून दुसऱ्या ओळखीकडे झालेल्या या स्थित्यंतरात ज्यांची जमीन गेली त्यांचा हक्क कोणत्या दुव्याने पुढे चालत राहिला, हा प्रश्न संगणकशास्त्राचा आहे तितकाच सामाजिक न्यायाचाही आहे.

२. नैसर्गिक ओळख आणि दिलेली ओळख

नोंद ओळखण्याचे दोन मार्ग संभवतात. पहिल्या मार्गात नोंदीच्या विषयाजवळ मुळातच असलेल्या गुणधर्मांचा उपयोग केला जातो. व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख, किंवा जमिनीचे गाव, सर्व्हे क्रमांक व हिस्सा ही याची उदाहरणे होत. डेटाबेसच्या परिभाषेत यास नैसर्गिक की म्हणतात. दुसऱ्या मार्गात प्रणाली स्वतःच एक क्रमांक निर्माण करून नोंदीस बहाल करते. या क्रमांकास नोंदीबाहेर काहीही अर्थ नसतो. यास सरोगेट की असे नाव आहे. कॉड यांनीच १९७९ मधील आपल्या पुढील निबंधात अशा प्रणालीदत्त ओळखीची आवश्यकता विशद केली होती. व्यवहारातील गुणधर्म बदलू शकतात, दोन संस्था एकाच वस्तूला वेगवेगळी ओळख देऊ शकतात आणि वस्तूला एखादी ओळख मिळण्यापूर्वीच तिची नोंद करण्याची वेळ येऊ शकते, ही त्यामागील कारणे होत.

ओळख म्हणून निवडलेल्या रकान्याने तीन अटी पाळणे आवश्यक असते. तो प्रत्येक नोंदीसाठी वेगळा असावा, तो कधीही रिकामा नसावा आणि तो बदलू नये. पहिल्या दोन अटींची तपासणी संगणक करू शकतो. तिसरी अट मात्र संगणकाला तपासता येत नाही, कारण ती भविष्याविषयी आहे. म्हणूनच चुका बहुधा तिसऱ्या अटीबाबत घडतात. आज स्थिर दिसणारी गोष्ट उद्याही स्थिर राहील, हे गृहीतक प्रणालीच्या आराखड्यात नकळत शिरते.

नावाच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट होते. उरण, पनवेल आणि बेलापूर पट्ट्यातील गावांमध्ये म्हात्रे, पाटील, ठाकूर, घरत ही आडनावे विपुल आहेत. एकाच गावात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही समान असलेल्या दोन व्यक्ती आढळणे येथे अपवादात्मक नाही. शिवाय विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची प्रथा असल्यामुळे नावावर बेतलेली ओळख मुलींच्या वारसाहक्काच्या बाबतीत सर्वांत आधी तुटते. माहेरच्या नावाने असलेली वारसनोंद आणि सासरच्या नावाने असलेले ओळखपत्र एकाच व्यक्तीचे आहे, हे सिद्ध करण्याचा भार त्या स्त्रीवरच पडतो.

३. नव्या शहराचा पत्ता : क्रमांकात गुंफलेला अर्थ

नवी मुंबईतील भूखंडाची ओळख श्रेणीबद्ध आहे. भूखंड क्रमांक सेक्टरपुरताच अनन्य असतो आणि सेक्टर क्रमांक नोडपुरताच. सेक्टर ६ वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे आणि कोपरखैरणेतही आहे. म्हणजेच नोड, सेक्टर आणि भूखंड या तिन्ही रकान्यांचा समूह मिळून एक ओळख तयार होते. नियोजनबद्ध शहराला शोभणारी ही रचना आहे. नवख्या माणसालाही ती सहज समजते आणि कागदी नकाशावर स्थान शोधणे सुलभ होते.

परंतु शहर वाढत गेले तशी या रचनेत भर घालावी लागली. वाशीमध्ये ९ आणि ९-ए असे सेक्टर निर्माण झाले. त्यामुळे जो रकाना केवळ अंकांचा आहे असे गृहीत धरून प्रणाली रचली गेली असेल, तेथे अक्षर आल्यावर अडचण उद्भवते. ते अक्षर रोमन लिहावे की देवनागरी, मध्ये आडवी रेघ द्यावी की नाही, या किरकोळ वाटणाऱ्या भेदांमुळे संगणकाच्या दृष्टीने एकाच सेक्टरचे चार सेक्टर होतात. नेरुळ नोडमधील काही सेक्टरांचे रहिवासी पत्त्यात सीवूड्स असे लिहितात. लोकव्यवहारातील नाव आणि नियोजनातील नाव यांची अशी फारकत झाली की नोडचे नाव हा ओळखीचा भाग राहू शकत नाही.

पिनकोडचे उदाहरण याहून बोलके आहे. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही सहा अंकी पद्धत देशात सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक भाषांत लिहिलेले पत्ते यांतून होणारा गोंधळ टाळणे हा तिचा हेतू होता. वडगाव आणि पिंपळगाव यांची संख्या ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या हेतूचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. पिनकोडमधील पहिला अंक विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारी जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दाखवितात. वाशीचा पिनकोड ४००७०३ आहे आणि बेलापूरचा ४००६१४. त्याच लोकलमार्गाने बेलापूरच्या पुढचे स्थानक असलेल्या खारघरचा मात्र ४१०२१०. नवे शहर दोन जिल्ह्यांवर पसरले असल्यामुळे टपाल खात्याच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या मालिकांत विभागले गेले आहे. पत्रांच्या वर्गवारीसाठी ही रचना योग्यच आहे. पण पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांवरून ग्राहक मुंबई परिसरातील आहे किंवा नाही हे ठरविणारी प्रणाली वाशीच्या रहिवाशाला एक उत्तर देईल आणि खारघरच्या रहिवाशाला दुसरे. दोष पिनकोडचा नाही. टपालासाठी घडविलेल्या क्रमांकातून भलताच अर्थ काढणाऱ्याचा तो दोष आहे.

वाहन क्रमांकातही असाच अर्थ गुंफलेला आहे. वाशीच्या परिवहन कार्यालयाची मालिका एमएच-४३ आहे आणि पनवेलची एमएच-४६. वाशीला स्वतंत्र मालिका मिळण्यापूर्वी नोंदलेल्या वाहनांवर ठाण्याची एमएच-०४ हीच मालिका राहिली. मालकाचे घर बदलले, कार्यालयांची हद्द बदलली, तरी पाटी जुनीच राहते. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवल्यास मोटार वाहन कायद्यानुसार तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. सतत बदली होणाऱ्या नोकरदारांची ही अडचण दूर करण्यासाठी २०२१ मध्ये राज्याचा निर्देश नसलेली बीएच मालिका सुरू करावी लागली. या सर्व काळात वाहनाचा चासी क्रमांक मात्र बदलत नाही. वाहनाची खरी ओळख तीच असून नोंदणी क्रमांक हा त्याचा एक बदलू शकणारा गुणधर्म आहे, असे डेटाबेसच्या दृष्टीने म्हणावे लागते.

नावातील बदलाचे आणखी दोन दाखले येथे पुरेसे आहेत. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. जिल्ह्याच्या नावाची आद्याक्षरे क्रमांकात घालणाऱ्या कोणत्याही दप्तराला त्या वर्षी दोनच पर्याय उरले असतील : सर्व जुने क्रमांक बदलणे, किंवा कालबाह्य आद्याक्षरे तशीच पुढे चालविणे. दुसरा पर्याय जगाने मुंबईच्या विमानतळाबाबत स्वीकारला आहे. शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले, पण विमानतळाचे संकेताक्षर बीओएम हेच राहिले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळाला एनएमआय हे स्वतंत्र संकेताक्षर आहे. बीओएम या अक्षरांतून आता कोणीही शहराचे वर्तमान नाव शोधत नाही. अर्थ गळून पडल्यावर ती अक्षरे ओळख म्हणून अधिक निर्धोक झाली आहेत, हे लक्षणीय होय.

४. सर्व्हे क्रमांक ते भूखंड क्रमांक

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. महसुली दप्तरात जमिनीच्या हक्काचा दाखला म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो सातबारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा संयुक्त उतारा होय. पहिल्यात अधिकार अभिलेख असतो, दुसऱ्यात पिकांची नोंद. जमिनीची वाटणी झाली की ४५ या सर्व्हे क्रमांकाचे ४५/१ आणि ४५/२ असे हिस्से पडतात. पुढील पिढीत ४५/२ चे आणखी पोटहिस्से होतात. या क्रमांकातच त्या तुकड्याची वंशावळ लिहिलेली असते. तलाठ्याला क्रमांक वाचताच मूळ जमीन कळते. कागदी दप्तरात हा मोठाच लाभ होता.

मात्र ही वंशावळ एकाच दिशेने वाचता येते. ४५/२ हा ४५ मधून आला हे कळते, पण तो केव्हा आला, कोणत्या आदेशाने आला आणि त्यापूर्वी तेथे काय होते हे क्रमांक सांगत नाही. त्यासाठी गाव नमुना सहा, म्हणजेच फेरफार नोंदवही आहे. खरेदी, वारस, वाटणी, गहाण, संपादन या प्रत्येक घटनेला तेथे स्वतंत्र फेरफार क्रमांक मिळतो आणि सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा निर्देश केला जातो. ओळख एका वहीत आणि त्या ओळखीचा इतिहास दुसऱ्या वहीत, असा हा विवेक आहे. डेटाबेसच्या अभ्यासकांनी अनेक वर्षांनी जो धडा गिरविला, तो महसुली दप्तराच्या रचनेत आधीपासूनच होता, हे मान्य केले पाहिजे.

नव्या शहरासाठी जमीन संपादन झाल्यावर या दोन्ही वह्यांचा भूमीशी असलेला प्रत्यक्ष संबंध संपला. शेताचे बांध गेले, खाजण भरले गेले, मिठागरांच्या जागी रस्ते आले. सर्व्हे क्रमांकाने दाखविलेला तुकडा जमिनीवर शोधणे अशक्य झाले. तो केवळ निवाड्यात आणि जुन्या उताऱ्यात शिल्लक राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. त्यात पाच आंदोलकांना प्राण गमवावे लागले. या संघर्षातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना अस्तित्वात आली.

डेटाबेसच्या दृष्टीने या योजनेचे स्वरूप तपासले असता त्यातील अवघडपणा ध्यानी येतो. खातेदाराची जमीन ज्या ठिकाणी होती तेथेच त्याला भूखंड मिळेल असे नाही. एका खातेदाराचे अनेक सर्व्हे क्रमांक असू शकतात. एका सर्व्हे क्रमांकात अनेक सहहिस्सेदार असू शकतात. मूळ खातेदार हयात नसेल तर वारस अनेक असतात. अखेर मिळणारा भूखंड एक असला तरी त्यावरील हक्क अनेकांचा असतो. अशा रचनेत सर्व्हे क्रमांक ही भूखंडाची ओळख होऊ शकत नाही आणि भूखंड क्रमांक ही मूळ हक्काची ओळख होऊ शकत नाही. खातेदाराचे नावही पुरेसे नाही, याचे कारण वर दिलेच आहे.

येथे आवश्यक असते ती चार स्वतंत्र तक्त्यांची रचना. संपादित तुकडा, पात्र हक्क, व्यक्ती आणि वाटप झालेला भूखंड या प्रत्येकाला स्वतःचा अर्थहीन आणि अचल क्रमांक असावा. त्यांच्यातील संबंध दिनांक आणि आदेशासह स्वतंत्र तक्त्यात नोंदले जावेत. मग नोडचे नाव बदलले, सेक्टरची फेररचना झाली, वारसांची संख्या वाढली, तरी हक्काची ओळख अबाधित राहते. या उलट, जर फाइलची ओळख भूखंड क्रमांकावर अवलंबून असेल, तर भूखंड मिळेपर्यंत त्या हक्काला संगणकात ओळखच नसते. ज्याला ओळख नाही त्याची प्रलंबित म्हणूनही गणना होत नाही. म्हणूनच ओळखक्रमांकाची निवड हा हक्काच्या दृश्यतेचा प्रश्न ठरतो.

नगरपालिका क्षेत्रांच्या विस्तारातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधील मिळकत क्रमांक त्या गावापुरताच अनन्य असतो. प्रत्येक गावात मिळकत क्रमांक १ असतोच. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा पूर्वीची नगरपरिषद आणि लगतची गावे एका छत्राखाली आली. अशा प्रत्येक विलीनीकरणात जुने क्रमांक एकमेकांवर आदळतात. क्रमांकापूर्वी गावाचे नाव जोडणे हा तात्पुरता उपाय झाला. नवा अचल क्रमांक देऊन जुना गावनिहाय क्रमांक गुणधर्म म्हणून जपणे हा टिकाऊ उपाय होय. जुना क्रमांक पुसून टाकणे हा सर्वांत घातक मार्ग, कारण नागरिकाच्या पेटीतील जुन्या करपावतीवर तोच क्रमांक असतो.

भूमी अभिलेखांच्या बाबतीत अलीकडील काळात योग्य दिशेने पाऊल पडले आहे. केंद्र शासनाने भू-आधार या नावाने देशातील प्रत्येक भूभागासाठी १४ स्थानांचा क्रमांक योजिला असून तो भूभागाच्या सीमाबिंदूंच्या अक्षांश-रेखांशांवर आधारित आहे. महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यावर छापला जाणारा क्रमांक ११ अंकी आहे. त्यामुळे सर्व्हे क्रमांक, हिस्सा आणि गावाचे नाव यांना ओळखीच्या भारातून मुक्त करता येते. तथापि अक्षांश-रेखांशांवर बेतलेल्या क्रमांकाची चिकित्सा करणे अगत्याचे आहे. मोजणी सुधारली किंवा सीमा सरकली तर स्थानावरून घडविलेला क्रमांक आणि प्रत्यक्ष स्थान यांत अंतर पडते. स्थान हा कितीही भक्कम गुणधर्म वाटला तरी तो गुणधर्मच आहे. क्रमांक एकदा दिल्यानंतर त्यातून पुन्हा स्थान वाचू नये, हे पथ्य पाळले तरच तो निर्धोक राहील.

५. अर्थवाही क्रमांकाचे समर्थन

अर्थवाही क्रमांकांच्या समर्थकांची बाजू दुर्लक्षणीय नाही. असे क्रमांक माणसाला वाचता येतात, वीज वा जोडणी नसतानाही उपयोगी पडतात आणि चूक झाल्यास अनुभवी लिपिकाच्या नजरेला ती खटकते. प्राप्तिकर विभागाचा दहा स्थानांचा पॅन याचे उदाहरण आहे. त्यातील चौथे अक्षर धारकाचा प्रकार दाखविते. व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. पॅन काढल्यानंतर विवाहामुळे आडनाव बदललेल्या स्त्रीचा पॅन मात्र तोच राहतो. तिच्या क्रमांकातील पाचवे अक्षर माहेरच्या आडनावाचे असते. विभागाने क्रमांक न बदलण्याचे धोरण ठेवले, हे शहाणपणाचे आहे. परंतु त्यामुळे पाचव्या अक्षराची विश्वासार्हता संपुष्टात येते. एखाद्या खाजगी प्रणालीने आडनाव आणि पाचवे अक्षर यांचा मेळ बसत नाही म्हणून अर्ज फेटाळला, तर ती प्रणाली मृत अर्थाला जिवंत समजत असते.

चूक पकडण्याचा लाभ अर्थाविनाही मिळविता येतो. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा तपासणी अंक आहे. तो व्हेरहॉफ पद्धतीने आधीच्या ११ अंकांवरून काढला जातो. एखादा अंक चुकीचा लिहिला गेला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर ती चूक या पद्धतीत निश्चितपणे उघडकीस येते. लिपिकाच्या नजरेवर अवलंबून राहण्याची आवश्यकता उरत नाही. क्रमांकातील अर्थाचे प्रमुख समर्थन त्यामुळे दुर्बल होते.

६. अर्थहीन क्रमांकाच्या मर्यादा

अर्थहीन क्रमांक स्वीकारल्यावरही निवड संपत नाही. सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे एक, दोन, तीन असा वाढत जाणारा क्रमांक. तो लहान असतो, जलद शोधता येतो आणि इंडेक्समध्ये शेवटी भर पडत गेल्यामुळे साठवणुकीस सोयीचा असतो. त्याचे दोष दोन. ३२ बिटांच्या रकान्यात २,१४,७४,८३,६४७ ही कमाल मर्यादा आहे आणि मोठ्या प्रणाली ती गाठतात. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. अर्जाचा क्रमांक ५०१ असेल तर ५०० आणि ५०२ हे शेजाऱ्यांचे अर्ज आहेत, हे कोणालाही कळते. अधिकार तपासण्याची व्यवस्था ढिली असेल तर केवळ क्रमांक बदलून दुसऱ्याची नोंद पाहता येते. शिवाय दोन दिवसांच्या क्रमांकांची वजाबाकी केली की त्या काळात किती अर्ज आले हेही उघड होते.

दुसरी पद्धत यूयूआयडी या १२८ बिटांच्या क्रमांकाची. तिच्या चौथ्या आवृत्तीत १२२ बिट यादृच्छिक असतात. त्यामुळे परस्परांशी न जोडलेली दोन कार्यालयेही एकमेकांना न विचारता क्रमांक देऊ शकतात आणि पुढे विलीनीकरण झाले तरी टक्कर होण्याची शक्यता नगण्य असते. गावनिहाय मिळकत क्रमांकांच्या टकरीवर हा उतारा आहे. पण मजकुराच्या रूपात हा क्रमांक ३६ अक्षरांचा होतो. तो खिडकीवर उभ्या असलेल्या नागरिकाला तोंडी सांगता येत नाही. यादृच्छिकपणामुळे नवी नोंद इंडेक्समध्ये कोठेही शिरते आणि मोठ्या तक्त्यात लेखनाचा वेग मंदावतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी यंत्रणेत तर नोंदी प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवल्या जातात आणि प्रत्येक उप-इंडेक्समध्ये ती की पुन्हा लिहिली जाते. लांब कीचा खर्च अशा प्रकारे सर्वत्र पसरतो. २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या सातव्या आवृत्तीत प्रारंभीचे ४८ बिट कालदर्शक असल्यामुळे ही अडचण बरीच कमी होते. मात्र नोंद केव्हा झाली हा अर्थ क्रमांकात पुन्हा प्रवेश करतो. रुग्णाच्या किंवा तक्रारदाराच्या नोंदीत ही वेळ बाहेर कळणे इष्ट आहे काय, याचा विचार करावा लागतो.

याहून मूलभूत मर्यादा वेगळीच आहे. सरोगेट की ओळीला अनन्य करते, व्यक्तीला नव्हे. एकाच खातेदाराची दोनदा नोंद झाली तर संगणक दोन्ही ओळींना निष्ठेने दोन वेगळे क्रमांक देईल आणि दोन्ही नोंदी नियमानुसार बिनचूक ठरतील. म्हणून अर्थहीन की वापरतानाही गाव, सर्व्हे क्रमांक व हिस्सा यांसारख्या नैसर्गिक गुणधर्मांवर अनन्यतेचे बंधन घालणे आवश्यक असते. नैसर्गिक कीला पदच्युत करायचे असते, हद्दपार करायचे नसते.

आधारची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात देण्यात आला. या क्रमांकात जिल्हा, जात, जन्मवर्ष, लिंग यांपैकी काहीही गुंफलेले नाही. क्रमांकाची अनन्यता बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांच्या तुलनेतून साधली जाते, क्रमांकाच्या रचनेतून नव्हे. पहिला अंक शून्य किंवा एक नसतो. शेवटचा अंक तपासणीचा असल्यामुळे उपलब्ध क्रमांक आठ हजार कोटी ठरतात. ओळखक्रमांक म्हणून ही रचना आदर्शाच्या जवळ जाते. पण याच कारणामुळे अनेक संस्थांनी आपापल्या डेटाबेसमध्ये आधार क्रमांकच की म्हणून वापरण्यास प्रारंभ केला आणि नवा धोका निर्माण झाला. बँक, शिधावाटप, शाळा आणि दवाखाना यांच्या नोंदी एकाच क्रमांकाने बांधल्या गेल्या तर व्यक्तीचे सर्व आयुष्य एका धाग्यात ओवले जाते. म्हणून २०१७ मध्ये प्राधिकरणाने आधार क्रमांक स्वतंत्र सुरक्षित कोषात ठेवावा आणि इतर सर्व तक्त्यांत त्याऐवजी संदर्भ की वापरावी, असे बंधन घातले. २०१८ मध्ये १६ अंकी आभासी क्रमांकाची सोयही आली. दुसऱ्याने दिलेला क्रमांक, तो कितीही उत्तम असला तरी, स्वतःच्या डेटाबेसची प्रायमरी की करू नये, हा डेटाबेसशास्त्रातील जुना संकेत येथे प्रशासकीय नियम झाला.

७. महाविद्यालयीन नोंदी

हा विवेक महाविद्यालयांच्या कार्यालयालाही लागू होतो. हजेरी क्रमांक दरवर्षी नव्याने दिला जातो आणि तोच क्रमांक पुढील वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जातो. तो ओळख होऊ शकत नाही. परीक्षेचा आसन क्रमांक त्या परीक्षेपुरता असतो. विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक अधिक स्थिर आहे, परंतु प्रवेशाच्या पहिल्या दिवशी तो विद्यार्थ्याजवळ नसतो. तोपर्यंत शुल्क, हजेरी आणि ग्रंथालय यांच्या नोंदी कोणत्या आधारावर करावयाच्या, हा प्रश्न प्रत्येक जून-जुलैत उभा राहतो. महाविद्यालयाने स्वतःचा अंतर्गत क्रमांक प्रवेशाच्या क्षणीच द्यावा आणि नंतर मिळणारे सर्व बाह्य क्रमांक त्यास जोडावेत, हाच त्यावरील उपाय होय.

साधनांच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. एक्सेलमध्ये संख्येचे पंधराच अंक अचूक राहतात. सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून भरला की शेवटचा अंक शून्य होतो आणि दहा विद्यार्थ्यांचा क्रमांक एकच दिसू लागतो. हिस्सा क्रमांक १०/२ लिहिला की त्याची तारीख होते. जुन्या दहा अंकी आयएसबीएनच्या शेवटी एक्स हे अक्षर येऊ शकत असे आणि १ जानेवारी २००७ पासून तो क्रमांक १३ अंकी झाला. केवळ अंकांचा दहा स्थानांचा रकाना ठेवणाऱ्या ग्रंथालय-प्रणालीला हे दोन्ही धक्के बसतात. ज्यावर बेरीज-वजाबाकी करावयाची नाही ती संख्या नव्हे, ती संज्ञा होय. तिचा रकाना मजकुराचाच असावा.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, ओळखक्रमांकाचे कार्य ओळखणे एवढेच आहे. माहिती सांगण्याचे कार्य इतर रकान्यांचे आहे. दोन्ही कार्ये एकाच क्रमांकावर लादली की माहिती बदलताच ओळख धोक्यात येते.

दुसरा, एकाच नोंदीला तीन प्रकारची ओळख असू शकते आणि असावी. तक्ते जोडण्यासाठी अंतर्गत, अचल आणि अर्थहीन की. नागरिकाला सांगण्यासाठी लहान, तपासणी अंक असलेला आणि अंदाज न करता येणारा क्रमांक. आणि इतर संस्थांनी दिलेले क्रमांक, जे गुणधर्म म्हणून दिनांकासह जपले जावेत.

तिसरा, दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला देऊ नये आणि जुना क्रमांक पुसू नये. क्रमांकांतील स्थित्यंतरांची नोंद फेरफार वहीप्रमाणे स्वतंत्र ठेवावी.

चौथा, ही निवड केवळ प्रोग्रामरची नाही. नोंद कोणाची आहे, तिच्यावर कोणाचा हक्क अवलंबून आहे आणि ती किती पिढ्या टिकावी लागेल, हे जाणणाऱ्यांचा त्यात सहभाग हवा. नवी मुंबईच्या भूमीवर बांध, खाजण आणि मिठागरे यांच्या खुणा बहुतांशी मिटल्या आहेत. तेथे एकेकाळी कोणाची जमीन होती हे आता जमीन सांगू शकत नाही. ते सांगण्याचे दायित्व नोंदींवर आले आहे, आणि नोंदी ते किती काळ सांगू शकतील हे त्यांना दिलेल्या ओळखीच्या स्थैर्यावर अवलंबून आहे.